खिडकीवरचं रडगाणं

माझ्या हातून पहिलं गिऱ्हाईक गायब झालं ते फोटोत.

औसा तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी मुलाकडं अमेरिकेला निघाले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि टोपीखाली पांढरेशुभ्र केस. व्हिसाच्या फोटोला मागं पांढरा पडदा लागतो हे मला माहीत होतं, आणि माहीत असल्याचा थोडा गर्वही होता. मी पडदा लावला, टोपी काढायला लावली, फोटो काढला आणि ऐटीत फॉर्मला जोडला. संगणकानं तो नाकारला. पुन्हा जोडला, पुन्हा नाकारला. मग मी चष्मा पुसून नीट बघितलं. स्क्रीनवर नुसतं तोंड होतं. खांदे नाहीत, मान अर्धी, केसांचा पत्ता नाही. भिंतीला कुणी मुखवटा टांगावा तसं एक सावळं तोंड माझ्याकडं बघत होतं.

बाबांनी वाकून स्क्रीनकडं पाहिलं. म्हणाले, "मास्तर, बाकीचा मी कुठं गेलो?"

तेव्हापासून माझ्या दुकानात खुंटीला एक काळं जाकीट टांगलेलं असतं. आमच्या भागातली म्हातारी माणसं अंगावर पांढऱ्याशिवाय काही घालत नाहीत, त्याला इलाज नाही. लातूरची निम्मी ज्येष्ठ मंडळी माझ्या त्या एकाच जाकिटात अमेरिकेला गेली आहेत. तिकडच्या सरकारला संशय कसा आला नाही, देव जाणे.

मला मास्तर म्हणतात, कारण गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझी टायपिंगची शिकवणी होती. संगणक आले आणि टायपिंग मेलं. मशिनं भंगारात गेली, 'मास्तर' तेवढं शिल्लक राहिलं. मग मी झेरॉक्स ठेवलं, पुढं पासपोर्टचे फॉर्म भरायला लागलो, आणि आयटीतली पोरं भराभर अमेरिकेला पोचल्यावर त्यांच्या आईबापांचे व्हिसाचे फॉर्म. अमेरिकेबद्दल मला विचाराल ते सांगतो. स्वतः मात्र मुंबईत वकिलातीच्या समोरच्या फुटपाथपर्यंतच गेलेलो आहे. माझा पासपोर्ट कधीच संपला. दुसऱ्यांचे काढता काढता माझा नवा करायचा राहिला.

धंदा काय असतो ते थोडक्यात सांगतो. नातवंडं बघायला जायचं तर जो व्हिसा लागतो, त्याला आमच्याकडं सगळे 'शिक्का' म्हणतात, जरी तो पासपोर्टात चिकटवलेला कागद असला तरी. आधी एक लांबलचक फॉर्म संगणकावर भरायचा. मग मुंबईत दोन हेलपाटे: एका ठिकाणी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वकिलातीत मुलाखत. मुलाखत म्हणजे काय, तर काचेची खिडकी, आत गोरा साहेब किंवा मॅडम, शेजारी मराठी दुभाषी, बाहेर तुम्ही उभे. लातूरहून एवढं लांब जायचं, आणि आपल्याला हातपाय धुवायला लागतो तेवढ्या वेळात साहेब निकाल देऊन मोकळा होतो.

आणि निकालाचा नियम अजब आहे. आपल्या कोर्टात गुन्हा शाबित होईपर्यंत माणूस निर्दोष धरतात. खिडकीवर उलटं. खिडकीसमोर उभा राहणारा प्रत्येक जण अमेरिकेत कायमचा राहायलाच निघालाय, असं त्यांचा कायदाच धरून चालतो. नाही, मी परत येणार आहे, माझं घर इथं आहे, पोट इथं आहे, हे तुम्ही पटवून द्यायचं. न भांडता, थोडक्यात, काचेतून.

फॉर्ममधले प्रश्नही तसेच. तुम्ही दहशतवादी आहात का? माणसांची चोरटी वाहतूक केली का? अमेरिकेत वेश्याव्यवसाय करायचा विचार आहे का? हे प्रश्न मला कुणाला विचारावे लागतात, तर तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणाऱ्या आज्यांना. सुरुवातीला मी लाजून स्वतःच 'नाही'वर खूण करायचो. पण एका गुरुजींनी मला धडा शिकवला.

गुरुजी म्हणजे आमच्या भागातले जुने हेडमास्तर, नव्वदीला टेकलेले. ते निजामाच्या राज्यात जन्मले, हैदराबाद राज्यात शिकले, मुंबई राज्यात नोकरीला लागले आणि महाराष्ट्रात रिटायर झाले. जन्मले तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता, पुढं नवा जिल्हा झाला आणि ते लातूरकर झाले. ह्या सगळ्यात त्यांनी घर एकदाही बदललं नव्हतं. जन्मठिकाणाच्या रकान्यातच आमची सकाळ गेली. मग मी पुढचे प्रश्न सवयीनं भराभर 'नाही, नाही' करत निघालो. गुरुजींची काठी टेबलावर वाजली.

"थांबा. 'अटक झाली आहे का' ह्याला नाही कसं म्हणता?"

"गुरुजी, तुम्हाला अटक?"

"निजामाच्या नाक्यावर हल्ला केला म्हणून तुरुंगात होतो. त्या अटकेवर मला सरकार पेन्शन देतं. तिथं 'नाही' लिहिलं तर अमेरिकेच्या दप्तरी मी खोटा स्वातंत्र्यसैनिक ठरीन."

मी हात जोडले, की हे लिहिलं तर अडचण होईल. ते म्हणाले, निजामाला घाबरलो नाही, तुमच्या फॉर्मला घाबरू का? 'हो' लिहिलं. खिडकीवर साहेबानं विचारलं, अटक कशासाठी झाली होती. गुरुजी छाती काढून म्हणाले, "सरकार उलथवण्यासाठी." दुभाषी बाईंचं तोंड कोरडं पडलं असावं. साहेब म्हणाला, कोणतं सरकार? गुरुजी म्हणाले, "ते आता नाही." शिक्का मिळाला. तेव्हापासून मी सगळे प्रश्न सगळ्यांना विचारतो. आज्यांनासुद्धा. आज्या आता चवीनं ऐकतात, एकीनं तर "पुन्हा एकदा वाचा की" म्हणून सांगितलं.

पण मला सांगायची आहे ती बसलिंगअप्पांची गोष्ट.

ते वर्ष दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. गाडी स्टेशनात शिरली तेव्हा लोक ती बघायला गेले, नवरदेवाला बघायला जावं तसे. आमच्या गल्लीत घागरींच्या रांगा, रांगेत भांडणं, आणि भांडणातून सवड झाली की नव्या जिल्ह्याच्या गप्पा, कारण उदगीर आता वेगळं होणार अशी पुन्हा आवई उठली होती. उदगीरचं एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "मास्तर, फॉर्म भरायची घाई करू नका. चार दिवसांत जिल्हा होऊन राह्यलाय. अमेरिकेला जायचं तर 'जिल्हा उदगीर' लिहूनच जाऊ." तो फॉर्म अजून माझ्या संगणकात अर्धवट पडलाय.

अशात एक दिवस अप्पा आणि महानंदाकाकू दुकानात आले. अप्पांची मार्केट यार्डात आडत. म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून द्यायचा आणि त्यावर दलाली घ्यायची. तूर, सोयाबीन, हरभरा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. काकू ठेंगण्या, पदर डोक्यावर, बोलणं जवळजवळ नाहीच. जे काही विचारलं ते अप्पाच सांगायचे. काकूंचं वयसुद्धा अप्पांनी सांगितलं, आणि ते चुकलं.

त्यांची धाकटी लेक शिल्पा डॅलसला होती. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना, आणि डॉक्टरनं पलंग सोडायचा नाही म्हणून बजावलेलं. जावयाची आई नाही. तो बिचारा सकाळी भात शिजवून ऑफिसला जायचा आणि ही दिवसभर छताकडं बघत पडून. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. लेक येऊ शकत नाही, तर माहेरानं तिकडं जायला हवं. काकू तेवढं एकच वाक्य बोलल्या: "मास्तर, पोरगी फोनवर रडत न्हाई. तेच मला बघवंना."

मी फॉर्म भरला. अप्पांना जाकीट घातलं. कागद एकावर एक लावून दिले: आडतीचं लायसन, घराचा उतारा, शिल्पाचं पत्र, तिच्या डॉक्टरांचं पत्र. खरं सांगा, थोडक्यात सांगा, एवढंच बजावलं. अप्पांसारख्या व्यापाऱ्याला अडवायला जागाच नव्हती. तीनमजली घर, यार्डात पेढी, धाकटा भाऊ, पुतणे, सगळा गोतावळा इथं. मी तर घरी येऊन बायकोला सांगितलं, की ही केस म्हणजे हातचा मळ.

मुंबईहून अप्पांचा फोन आला.

"मास्तर, पासपोर्ट परत दिले."

"कोणाचे?"

"दोघांचे. पन मॅडम लई चांगल्या होत्या बरं का. आपली हालत ऐकून त्यांचं तोंडच उतरलं."

"हालत? कसली हालत?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खिडकीवरच्या मॅडमनी, दुभाष्यामार्फत, अगदी साधा प्रश्न विचारला होता: धंदा कसा चाललाय?

आता हे बाहेरच्या वाचकांना समजावून सांगायला हवं. आमच्या यार्डात तुम्ही कोणत्याही पेढीवर जा, शेठ गादीवर रेलून चहा पीत असेल, मागं पोत्यांची थप्पी छताला लागली असेल, आणि तुम्ही विचारा, 'काय शेठ, कसं काय?' शेठ एक सुस्कारा सोडणार आणि म्हणणार, 'बसलाय बघा धंदा.' भरभराटीच्या वर्षी फार तर 'ढकलायलोय' म्हणतील. चांगलं चाललंय, असं तोंडातून काढलेला आडत्या मी जन्मात बघितला नाही. कारण ते ऐकायला कोण बसलेलं असतं सांगता येत नाही. वर्गणीवाले असतात, पाव्हणे असतात, कर खात्याचा एखादा असतो, आणि कुणीच नसलं तर नजर तरी लागतेच. अप्पांचे वडील असंच बोलायचे, आजोबाही. ते खोटं नसतं. ते 'रामराम'सारखं असतं.

तर अप्पांनी मॅडमना रामराम केला.

"म्या म्हनलं, काय सांगू मॅडम, धंदा पार बसलाय. दुष्काळ हाय. बाजारात माल न्हाई. गावात प्यायला पानी न्हाई, रेल्वेनं येऊन राह्यलंय. लोकं घरदार सोडून पुण्या-मुंबईकडं चाललेत. हितं आता जगायचं कसं, तेच कळंना."

माणूस अमेरिकेत कायमचा राहणार नाही हे पटवायला जी खिडकी, तिथं अप्पांनी लातूर सोडायची सगळी कारणं दुभाष्याला नीट, एकेक करून दिली. मॅडमचं तोंड उतरलं ते दयेनं की हसू दाबल्यानं, मला माहीत नाही. त्यांनी मनापासून 'सॉरी' म्हटलं आणि पासपोर्ट परत केले.

चूक माझीही होती म्हणा. दहशतवादापासून वेश्याव्यवसायापर्यंत सगळं मी विचारून घेतलं होतं, आणि 'धंदा कसाय' एवढंच विचारायचं राहिलं.

पुन्हा अर्ज करता येतो. पुन्हा फी, पुन्हा फॉर्म, आणि मुख्य म्हणजे पुन्हा तारीख. तारखा लांबच्या मिळत होत्या. बाळ तोपर्यंत थांबणार नव्हतं. मी रोज उठून आधी संगणक बघायचो आणि मग चहा. कुणीतरी सोडलेली एक जवळची तारीख हाताला लागली. ती गेली असती तर बाळंतपण जावयाच्या भातावरच झालं असतं. मग मी अप्पांना म्हणालो, "आता शिकवणी."

झेरॉक्सच्या काउंटरला माझ्याकडं काच आहे. मी काचेमागं साहेब होऊन उभा राहिलो, अप्पा बाहेर, काकू त्यांच्या मागं स्टुलावर.

"तुमचा धंदा कसा चाललाय?"

अप्पांनी तोंड उघडलं. सुस्कारा आपोआप बाहेर आला.

"सुस्कारा नको, अप्पा."

"सवय हाय ओ. बरं, पुन्हा इचारा."

"धंदा कसा चाललाय?"

"बर... म्हंजी... ढकलायलोय."

"चांगला चाललाय, असं म्हणायचं."

अप्पांनी आजूबाजूला बघितलं. हात नकळत गळ्यातल्या डबीवर गेला. पुटपुटल्यासारखं म्हणाले, "चांगला... शिव शिव... चाललाय."

"शिव शिव नको. साहेबाला वाटेल काहीतरी लपवताय."

"मास्तर, बापजन्मात हे वाक्य बोललो न्हाई. जिभंला वळण न्हाई तिकडलं."

मी टायपिंगची शिकवणी चालवलेला माणूस. जिभेचं असो की बोटाचं, वळण लावणं हाच माझा जुना धंदा, असं मला वाटलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा. दर खेपेला आवाज चढवायला लावला. चौथ्या-पाचव्या दिवशी अप्पा टाच उचलून गरजले, "धंदा लई जोरात हाय, साहेब! एक लंबर!"

मी टाळ्या वाजवल्या. दुकानात झेरॉक्सला आलेली माणसं वळून बघायला लागली. काकू स्टुलावर बसून फक्त ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा तणतणत आले. "बसवजयंतीची कमिटी पेढीवर येऊन बसली. 'अप्पा, धंदा जोरात हाय म्हनं, मंडप तुमच्याकडून.' निलंग्याचा मेव्हणा आला, त्याला पोराचं लगीन आठवलं. अन् शेजारचा आडत्या, ज्यानं इतकी वर्षं आपल्याशी रडगाणं गायलं, तो बोलंना झालाय. मास्तर, शिकवणीची फी तुमी घ्यायची अन् मंडप आम्ही घालायचा?"

"अप्पा, ह्याचा अर्थ जिभेला वळण लागलं. लोकांना पटलंय."

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ह्या खेपेला मी त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो, हेही त्या कौतुकापोटीच.

वकिलातीत आमच्यासारख्यांना आत सोडत नाहीत. मोबाइल, पिशवी, डबा काही न्यायचं नाही. ते सगळं सांभाळत मी समोरच्या फुटपाथवर उभा. तिथं माझ्यासारखे अनेक असतात. जावई, पोरं, एजंट. सगळे दाराकडं डोळे लावून. ह्या फुटपाथवरची एक विद्या आहे. माणूस बाहेर येताना त्याच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघायचं. शिक्का मंजूर झाला तर पासपोर्ट आतच ठेवून घेतात. नामंजूर झाला तर लगेच हातात देतात. म्हणजे जगातली ही एकच जागा, जिथं रिकाम्या हातानं परतणारा माणूस जिंकलेला असतो.

ह्या फुटपाथवर मी वाईटही पाहिलंय. धर्माबादच्या एका विधवा बाईंना तीनदा पासपोर्ट हातात मिळाला. एकट्या होत्या, परत यायला कुणी नाही, असं खिडकीला वाटत असावं. चौथ्यांदा अर्ज करू नका, असं सांगायची वेळ माझ्यावर आली. मुलाचं लग्न त्यांनी माझ्या दुकानात, माझ्या संगणकावर पाहिलं, ठेवणीतलं लुगडं नेसून. मी अक्षता आणून ठेवल्या होत्या. टाकायच्या कुठं हे दोघांनाही कळेना, म्हणून शेवटी त्यांनी त्या स्क्रीनवर टाकल्या. त्या दिवशी मी फी घेतली नाही, पण त्यानं काय होतं?

त्या बाई मनात येत होत्या, आणि समोरचं दार उघडत होतं, मिटत होतं. मग काकू दिसल्या. पुढं काकू होत्या. हे मी पहिल्यांदाच बघत होतो, कारण काकू नेहमी अप्पांच्या चार पावलं मागं चालायच्या. हात रिकामे. दोन्ही हात मोकळे सोडून, पदर वाऱ्यावर, झपाझप येत होत्या. मी आनंदानं हात वर केला. आणि मग मागं अप्पा दिसले. त्यांच्या हातात पासपोर्ट होता. एकच.

मी दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिलो. माझ्या विद्येत हे बसत नव्हतं.

"काय झालं?"

"हिला इचारा," अप्पा म्हणाले. "साहेबाशी हीच बोलली. म्या कोन?"

रस्त्याकडेच्या चहाच्या गाड्यावर बसवून मी त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं. ह्या खेपेला खिडकीत चष्मेवाला साहेब होता. त्यानं धंद्याचं विचारलं. अप्पांनी टाच उचलली आणि गरजले, लई जोरात, एक लंबर. साहेबानं संगणकात बघितलं. मग शांतपणे विचारलं, मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं की दुष्काळ आहे, धंदा बसलाय, लोक गाव सोडतायत. एवढ्यात काय बदललं?

ह्याचं उत्तर मी शिकवलं नव्हतं. मागचं सगळं त्यांनी लिहून ठेवलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, आता पानी आलंय."

"आणि?"

"त्यो म्हनला, पाऊस पडला का? म्या म्हनलं, न्हाई, रेल्वेनं."

अप्पांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. पुढचं काकूंनी सांगितलं. साहेबाचा हात पासपोर्टांकडं जायला लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं लेक आली, पलंगावर पडलेली, छताकडं बघणारी. आणि त्यांनी अप्पांना कोपरानं बाजूला सारलं.

"म्या म्हनलं, साहेब, ह्यांचं बोलनं काय धरता? लगीन झाल्यापासून ऐकून राह्यले, धंदा बसला, धंदा बसला. त्याच धंद्यावर घर बांधलं, दोन पोरी शिकवल्या, एक तुमच्या देशात दिली. मागच्या खेपेला सवयीनं बोलले. ह्या खेपेला मास्तरांनी शिकवलं म्हनून बोलले. खरं दोन्ही बी न्हाई. दुष्काळ हाय, ते खरं. आडत हाय, ती बी खरी. पाऊस पडंल, माल येईल. आमचं असंच चालतंय."

दुभाषी बाई म्हणे एवढं भराभर सांगत होत्या की त्यांनाच धाप लागली. साहेब हसला. मग त्यानं काकूंना विचारलं, तुम्ही दोघं गेलात तर इथलं कोण बघणार?

"मंग?"

"म्या म्हनलं, ह्यांना न्यायचंच कशाला? बाळंतिणीच्या खोलीत बाप्या मानसाचं काय काम? बसायला खुर्ची, घडीघडी चहा, वर हितला हिशोब तिथं बसून सांगनार. पोरीचं करू का ह्यांचं? मला एकटीला सोडा. ह्यांना हितंच ठिवा, तारण म्हनून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "साहेबानं इचारलं, परत कशावरून याल? म्या म्हनलं, ह्यांना साधा कुकर लावता येत न्हाई. म्या न्हाई आले तर हा मानूस उपाशी मरंल."

साहेबानं काकूंचा पासपोर्ट ठेवून घेतला आणि अप्पांचा काचेखालून सरकवला. म्हणाला, सर, यू स्टे. तेवढं अप्पांना दुभाष्याशिवाय कळलं.

अप्पांनी हातातला पासपोर्ट खिशात घातला. मला वाटलं, आता भडकणार. पण ते हळूच म्हणाले, "मास्तर, कुकरचं खरं हाय. पन मला बी पोरगी बघायची होती की."

काकूंनी आपल्या कपातला अर्धा चहा अप्पांच्या बशीत ओतला.

काकू गेल्या. आयुष्यात एकट्या त्या कधी उदगीरपर्यंतही गेल्या नव्हत्या. दोन विमानं बदलून डॅलसला उतरल्या. बाळाच्या आधी पोचल्या, आणि नात झाली. अप्पांना नात फोनवर दिसायची. पेढीवर कुणी 'कसं काय' विचारलं की ते आता म्हणायचे, "बायको अमेरिकेत, धंदा बसलाय बघा," आणि ह्या वेळी ऐकणाऱ्याला खरंच वाईट वाटायचं. मुदतीच्या आत काकू परत आल्या. तोवर अप्पांना कुकर लावता यायला लागला होता, पण ही गोष्ट त्यांनी यार्डात कुणाला कळू दिली नाही.

तर मुंबईहून परत आलो त्या दिवशीची गोष्ट. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि बायको पाण्यानं भरलेल्या घागरी ओट्याखाली सरकवत होती. मी मदत न करता पाटावर बसून तिला सगळं रंगवून सांगितलं: माझी शिकवणी, माझी काच, तारीख मी कशी मिळवली, आणि शेवटी एक तरी शिक्का मी कसा पदरात पाडला. तिनं शेवटची घागर झाकली, कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "अमेरिकेचं राहू द्या. लातूरहून विष्णुपुरीला, माझ्या माहेरी, एकटीनं जायचा शिक्का कोणत्या खिडकीवर मिळतो तेवढं सांगा. तिथं धरण आहे, अजून नळाला पाणी येतंय म्हणे. आणि परत कशासाठी येणार असं विचारलंच, तर माझं मी काय ते सांगीन. तुम्ही शिकवायला येऊ नका."